बोट कुणाची, पेट्रोल कुणाचं? बडोद्यात आपत्तीच्या तयारीचा खर्च कसा वाटला जातो, ते शोधण्याची वाट

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीला बडोद्यात विश्वामित्री नदी ३७ फुटांपर्यंत चढली, धोक्याच्या पातळीपेक्षा दहा फुटांहून जास्त. पाणी ओसरल्यावर दांडिया बाजारातल्या ओट्यांवर आणि समा-फतेहगंजच्या सोसायट्यांमध्ये एकच प्रश्न ऐकू येत होता: सेवा सदन काय करत होतं? सेवा सदन म्हणजे बडोद्याची महानगरपालिका, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण तेवढाच विचारून थांबलात तर उत्तर मिळत नाही, कारण तयारीचा पैसा एका कचेरीत बसलेला नसतो. थोडा सेवा सदनात, थोडा कलेक्टर कचेरीत, थोडा गांधीनगरला, थोडा दिल्लीला आणि थोडा तुमच्या सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये असतो.

हा लेख नव्यांसाठी आहे. सोसायटीच्या कमिटीवर नुकते आलेले, गणेश मंडळातून पूर-मदतीच्या कामाला लागलेली मुलं-मुली, पहिल्यांदा निवडून आलेला एखादा नगरसेवक. मी नोकरीची बहुतेक वर्षं स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्यात घालवली. तेव्हा पाहिलेली एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

एका छोट्या नगरपालिकेत साठा-रजिस्टर पडताळायला गेले होते. अग्निशमनाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली रबरी बोट होती. रजिस्टरवर नोंद चोख: वरच्या ग्रांटमधून मिळालेली, बोट नग एक, इंजिन नग एक. इंजिन आल्यापासून एकदाही चालू केलेलं नव्हतं. कारण विचारलं तर हिशेबनीस अगदी शांतपणे म्हणाले, "बेन, बोटीला हेड आहे, पेट्रोलला नाही."

हेड म्हणजे हिशेबात त्या खर्चासाठी ठरवलेलं शीर्षक. त्यांचं काही चुकत नव्हतं. वस्तू वरून आली होती, तिची निगा खालच्यांनी राखायची होती, आणि ती कुणाच्या खर्चाने राखायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. खर्चाची वाटणी समजून घ्यायची ती या पेट्रोलसाठी.

पहिली पायरी: हद्द काढा

कागद-पेन्सिल घ्या आणि आपल्या भागाचा साधा नकाशा काढा. त्यात रस्त्यांपेक्षा हद्दी महत्त्वाच्या. तुमचं घर सेवा सदनाच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या? भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही गावं २०२० मध्ये शहरात आली. त्याआधी तिथलं गटार पंचायतीचं होतं. आता वॉर्ड ऑफिस सेवा सदनाचं असलं, तरी जुनी माणसं अजून तलाटीकडे अर्ज देतात आणि मग अर्ज इकडून तिकडे फिरतो.

मग पाण्याची वाट काढा. तुमच्या भागातलं पावसाचं पाणी कोणत्या कांसात, म्हणजे नाल्यात, जातं? भूखी, मसिया, रूपारेल ही नावं बडोद्यात जन्मलेल्यांनाही पुष्कळदा पूर आल्यावरच कळतात. कांस शहरातून जात असला तर सफाई सेवा सदनाची. पण त्याचा वरचा भाग दुसऱ्या गावच्या शिवारात असेल, तर तिथे अडलेला गाळ काढायला सेवा सदनाचा जेसीबी जाणार नाही.

नदीचंही तेच. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, शहर ओलांडून पुढे ढाढरला मिळते. २०२५ मध्ये पावसाळ्याआधी नदी खोल आणि रुंद करण्याचं काम निघालं, तेव्हा शहरातला पट्टा सेवा सदनाकडे आणि शहराबाहेरचा पाटबंधारे खात्याकडे होता. हद्दीप्रमाणे काम वाटून घेणं ही खर्च वाटण्याची सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत आहे. तिच्यातली मेख एवढीच की एकाने काम केलं आणि दुसऱ्याचं मागे राहिलं, तर पाणी दोघांकडेही तुंबतं. म्हणून नकाशावर प्रत्येक हद्दीपाशी दोन नावं लिहा, अलीकडच्या कचेरीचं आणि पलीकडच्या कचेरीचं.

आजवा सरोवर हा अपवाद ध्यानात ठेवा. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेलं हे धरण शहराबाहेर आहे, पण शहराच्या पाण्यासाठी ते सेवा सदनाकडे आहे. त्याचे दरवाजे, पातळीची मोजणी, तिथली माणसं हा खर्च शहराच्या पाणीपुरवठ्यात दिसतो, 'आपत्ती' या शब्दाखाली नाही. शोधताना हे माहीत नसेल तर तुम्हाला वाटेल की खर्चच होत नाही.

दुसरी पायरी: कुणाचं काम काय, एवढं कायद्यातून वाचा

सगळा कायदा वाचायची गरज नाही. कच्छच्या भूकंपानंतर गुजरातने २००३ मध्ये स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन कायदा केला, केंद्राचा कायदा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात. स्थानिक संस्थांसाठी कलम ४१ वाचा. आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं आणि आपत्तीत लागणारी साधनं कायम वापरण्याजोगी ठेवणं ही कामं ते स्थानिक संस्थेवर टाकतं. म्हणजे बोट वापरण्याजोगी ठेवणं हे नगरपालिकेचं कायदेशीर काम आहे. मागणीपत्रात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

२०२५ च्या दुरुस्तीने एक नवी सोय झाली आहे. महानगरपालिका असलेल्या शहरासाठी राज्य सरकार वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमू शकतं. त्याचे अध्यक्ष म्युनिसिपल कमिशनर आणि उपाध्यक्ष कलेक्टर. इतकी वर्षं या दोन कचेऱ्यांमध्ये फिरणारी फाइल एका टेबलावर येण्याची ही संधी आहे. आपल्या शहरासाठी ते नेमलं गेलं आहे का आणि त्याच्या बैठका होतात का, हे लेखी विचारा.

अग्निशमन हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांच्या यादीत आहे, म्हणून बंबवाले सेवा सदनाचे. १०८ ची रुग्णवाहिका मात्र राज्याची. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन आपल्याच जिल्ह्यात जरोदला आहे, हे बडोद्याचं भाग्य. पण ते केंद्राचं दल आहे, आणि जवळ आहे म्हणून शहराने स्वतःच्या बोटी कमी ठेवाव्यात असं होत नाही. पुरात त्यांना दुसरीकडूनही बोलावणं असतं.

तिसरी पायरी: शंभर रुपयांचा हिशेब मांडा

आता पैसा. केंद्र आणि राज्यांमधली पैशाची वाटणी वित्त आयोग सुचवतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी मांडणी केली, ती शंभर रुपयांवर बसवून पाहा. गुजरातसारख्या राज्यात या शंभरांतले ७५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. खर्चाच्या बाजूने पाहिलं तर ४० रुपये तातडीच्या मदतीला, ३० पुनर्बांधणीला, २० धोका मुळात कमी करण्याच्या कामांना आणि १० तयारी व प्रशिक्षणाला. आयोग बदलला की आकडे बदलू शकतात, म्हणून ज्या वर्षाचं काम असेल त्या वर्षाचे नियम काढून पाहा. पण मांडणी समजायला हा हिशेब पुरे.

यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, तयारीच्या वाट्याला शंभरातले दहाच. दुसरी जास्त महत्त्वाची: या शंभर रुपयांत सेवा सदनाचा किंवा पंचायतीचा ठरलेला हिस्सा कुठेच नाही. त्यांनी घालायचा असा नाही आणि त्यांना हमखास मिळायचा असाही नाही. पैसा राज्याकडे जातो आणि तिथून बहुतेक कलेक्टर कचेरीमार्फत उतरतो. पुरानंतर तुम्ही ज्याला कॅशडोल (रोजच्या खर्चासाठी रोख रक्कम) आणि घरवखरीची (घरातल्या सामानासाठीची) मदत म्हणता, ती या वाटेने येते. २०२४ च्या पुरानंतर राज्य सरकारने लारीवाल्यांना (हातगाडीवाल्यांना) ५,००० रुपये जाहीर केले, तोही नुकसानीनंतरचाच पैसा. नुकसान झाल्यावर सर्वे होतो, यादी होते, पैसा निघतो. पुराआधीच्या पैशासाठी मात्र कुणी सर्वे करत येत नाही.

याखेरीज मधूनमधून खास योजना येतात. २०२३ मध्ये केंद्राने अग्निशमन दलांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना काढली. त्यात आपल्यासारख्या राज्यांनी २५ टक्के हिस्सा घालायचा. मोठ्या शहरांच्या पूर-नियंत्रणासाठी १५ व्या आयोगाने २,५०० कोटी सुचवले, पण ते सात शहरांसाठी. गुजरातमधून त्यात अहमदाबाद होतं, बडोदं नव्हतं. विश्वामित्रीकाठी राहणाऱ्याला हे वाचून वाईट वाटतं, मलाही वाटलं. यादी लोकसंख्येवर झाली होती. तुमच्या शहराची नदी किती वेळा घरात शिरते, हे त्या निकषात नव्हतं.

उरलं ते सेवा सदनाच्या स्वतःच्या कमाईतून: घरवेरा (घरपट्टी), पाणीकर, विकास शुल्क. बंबावरच्या जवानाचा पगार, कांससफाई, पंपाचं डिझेल, कंट्रोल रूमचे रात्रपाळीचे कर्मचारी, सगळं यातून. वरून आलेला पैसा नव्या बंबावर रंगवलेल्या पाटीत दिसतो. खालचा दिसत नाही, म्हणून त्याला कात्री लावणं सोपं जातं.

चौथी पायरी: प्रत्येक वस्तूचे तीन ढीग करा

नव्यांनी सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्यावा असं माझं मत आहे. तयारीतली कुठलीही वस्तू घ्या आणि तिचा खर्च तीन ढिगांत टाका: खरेदी, निगा, माणसं.

बोटच घेऊ. खरेदी एकदाची. निगेत इंजिनचं सर्व्हिसिंग, पेट्रोल आणि ऑइल, रबर विरू नये म्हणून सावलीची जागा, पंक्चर काढण्याचं सामान, दर काही वर्षांनी बदलायची लाइफ जॅकेटं. माणसांत बोट चालवणारे दोघं, त्यांचं प्रशिक्षण, दोघांपैकी एकाची बदली झाली तर नव्याचं प्रशिक्षण आणि रात्रीचा भत्ता. विश्वामित्रीत मगरी आहेत, त्यामुळे इथे बोट चालवणाऱ्याला वनखात्याशी आणि मगर पकडणाऱ्या स्वयंसेवकांशी जुळवून काम करता आलं पाहिजे. हे दुसऱ्या शहराच्या प्रशिक्षणातून मिळत नाही.

आता प्रत्येक ढिगापुढे पैसा कुणाचा ते लिहा. बहुतेक वेळा पहिल्यापुढे राज्य किंवा केंद्र येतं, तिसऱ्यापुढे सेवा सदन, आणि मधला कोरा राहतो. जनरेटर, वायरलेस संच, पाणी उपसायचे पंप, सायरन, निवारा केंद्र म्हणून ठरवलेली शाळा, कुठलीही वस्तू घ्या, मधलीच जागा रिकामी सापडेल. शाळेचं उदाहरण तर फार बोलकं आहे. पुरात लोकांना शाळेत हलवतात. लोक गेल्यावर शाळा धुवायची कुणी, तुटलेल्या बाकांचे आणि वापरलेल्या विजेचे पैसे कुणी द्यायचे? मुख्याध्यापक दरवेळी हा प्रश्न विचारतात आणि दरवेळी नव्याने विचारावा लागतो.

हा कोरा रकाना का राहतो, त्याचं कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. भांडवली खर्च आणि महसुली खर्च वेगळे मांडले जातात. वस्तू भांडवली बाजूला येते, निगा महसुली बाजूला. ग्रांट देणारा भांडवली बाजू भरतो आणि निगा तुमची, असं मंजुरीपत्राच्या शेवटच्या ओळींत लिहितो. ती ओळ शोधा. सेवा सदनाने किंवा पंचायतीने ग्रांट घेताना निगेचा ठराव केला असेल, तर त्याचा क्रमांक मिळवा. नसेल केला, तर तुमची पहिली मागणी तीच: निगेसाठी वेगळं हेड आणि त्यात दरवर्षी रक्कम.

पाचवी पायरी: आधीपासून चालू असलेल्या वाटण्या ओळखा

सोसायटीला सगळ्यात जवळची वाटणी म्हणजे राज्याच्या शहरी विकास योजनेतली जनभागीदारी: ७०:२०:१०. सोसायटीच्या आतल्या कामाला ७० टक्के राज्याचे, २० सोसायटीचे, १० स्थानिक संस्थेचे. पेव्हर ब्लॉकसाठी बडोद्यात हिचा भरपूर वापर झाला आहे, पण गटारलाइन आणि पाणी जिरवण्याच्या कामांसाठीही ती आहे. समजा काम दहा लाखांचं आहे. सात लाख राज्य, एक लाख सेवा सदन, दोन लाख सोसायटी. चाळीस घरं असतील तर घरटी ५,०००. सर्वसाधारण सभेत हा हिशेब असाच फळ्यावर मांडा, लोक ऐकतात. आणि त्याच सभेत विचारा, लाइन टाकल्यावर दरवर्षी मे महिन्यात ती साफ कोण करणार? पेव्हरखाली गेलेली चेंबरची झाकणं मी स्वतः शोधली आहेत, पाण्यात उभं राहून.

हद्दीबाहेरच्या कॉलची वाटणी वेगळी. पादरा, डभोई, करजण, सावली या नगरपालिकांकडे बडोद्याइतकी साधनं नाहीत. मोठी आग लागली की शहराच्या गाड्या तिकडे धावतात, आणि धावल्याच पाहिजेत. पण गाडी, डिझेल, फोम आणि जवानांचे तास कुणाच्या नावे टाकायचे, हे आग विझल्यावर ठरवायला बसलं की कटुता येते. अशा मदतीबद्दलचा ठराव किंवा दरपत्रक दोन्ही बाजूंकडे असावं. त्यात बोलावण्याचा अधिकार कुणाला, इंधन कुणाचं, गाडीला अपघात झाला तर विमा कुणाचा आणि एकाच वेळी दोन्हीकडे गरज पडली तर आधी कुठे, हे चार मुद्दे असले पाहिजेत.

कारखान्यांचा भाग थोडक्यात सांगते. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे कारखान्याच्या आवारातली आपत्कालीन योजना कारखान्याने करायची, आवाराबाहेरची जिल्हा यंत्रणेने, आणि त्यासाठी लागणारी माहिती कारखान्याने पुरवायची. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर क्रायसिस ग्रुप, म्हणजे रासायनिक अपघातांसाठीचे गट, ठरवून दिले. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीच्या रिफायनरीत टाकीला आग लागली, तेव्हा आजूबाजूच्या गावांना धूर घरातून दिसत होता. कोयली, नंदेसरी, रणोली भागात राहत असाल, तर स्थानिक क्रायसिस ग्रुपमध्ये तुमच्या गावातून कोण आहे, एवढं तरी माहीत करून घ्या.

शेवटची वाटणी सक्तीची. २००५ च्या कायद्याच्या कलम ६५ खाली जिल्हा प्राधिकरण खासगी वाहनं, साधनं, जागा ताब्यात घेऊ शकतं आणि कलम ६६ प्रमाणे त्याचा मोबदला द्यावा लागतो. ट्रॅक्टर, जेसीबी, हॉलचे मालक तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना सांगा की लेखी हुकूम, तारीख आणि वेळ जपून ठेवा. तोंडी बोलावण्यावर धावलेले लोक मागाहून बिलासाठी हेलपाटे घालताना मी पाहिले आहेत.

सहावी पायरी: कॅलेंडर उलटं वाचा

पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण त्याचा पैसा आदल्या हिवाळ्यात ठरतो. दिवाळीच्या सुमारास खाती पुढच्या वर्षाच्या मागण्या तयार करतात. जानेवारी-फेब्रुवारीत कमिशनर अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, मग ते सभेत जातं. १ एप्रिलला वर्ष सुरू. एप्रिल-मेमध्ये टेंडर आणि ज्याला सगळे 'प्री-मान्सून कामगिरी' म्हणतात ती. जूनपासून कंट्रोल रूम.

लोक जूनमध्ये अर्ज घेऊन जातात. तेव्हा अधिकाऱ्याची इच्छा असली तरी हेडखाली पैसा नसतो. तुमचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेला पाहिजे, वॉर्ड ऑफिसला एक आणि आपल्या वॉर्डाच्या चारही नगरसेवकांना एकेक प्रत. बडोद्यात १९ वॉर्डांत ७६ नगरसेवक आहेत. चौघांपैकी एकाशीच ओळख असते म्हणून तिघांना वगळू नका. स्थायी समितीत दरखास्त आली की चौघांचा आवाज उपयोगी पडतो.

अर्ज एका पानाचा ठेवा. कांसाचं नाव, अडथळ्याची जागा, कोणत्या साली पाणी कुठवर आलं त्याची भिंतीवरची खूण आणि फोटो, काय हवं, त्याची खरेदी आणि निगा वेगवेगळी. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला, तेव्हाची आणि २०२४ ची खूण पुष्कळ घरांच्या भिंतींवर शेजारी-शेजारी आहे. २०१९ चं पाणी आभाळातून थेट शहरावर पडलेलं होतं. २०२४ मध्ये नदी वरून भरून आली आणि कितीतरी दिवस हटली नाही. दोन खुणांतला फरक लिहिलात तर इंजिनिअरला कळतं की तुमच्याकडे गटार लहान पडतं की नदी उलटी शिरते. दोन्हींचा खर्च वेगळा, आणि बहुधा कचेरीही वेगळी.

सातवी पायरी: कागद मागा, मग इंजिन चालू करायला सांगा

जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन योजना हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. सुरुवातीची भूगोलाची पानं सोडा, साधनांच्या यादीकडे जा. बोटी किती, कुठे ठेवल्या आहेत, जबाबदार व्यक्तीचं पद काय. अंदाजपत्रकात अग्निशमन, पावसाळी गटार आणि पाणीपुरवठा या तिन्ही खात्यांत महसुली बाजूला निगेची रक्कम शोधा. गेल्या वर्षी किती धरली होती आणि प्रत्यक्षात किती खर्च झाली, हे दोन आकडे शेजारी लिहा. पूर्ण खर्च झाली नसेल तर का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. गुजरातमध्ये अर्जाचं शुल्क २० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. 'पूर-तयारीवर किती खर्च झाला' असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघम येईल. अमुक बोटीच्या इंजिनची सर्व्हिसिंगची शेवटची तारीख, त्या बिलाची रक्कम आणि ती कोणत्या हेडखाली टाकली, असं विचारा.

ज्या नगरपालिकेची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिथे माझ्या तपासणीच्या शेऱ्यानंतर दोन वर्षांनी निगेचं हेड उघडलं गेलं. रक्कम लहानच होती. हिशेबनीसांनी पहिलं बिल मला मुद्दाम दाखवलं: ऑइल, स्पार्क प्लग, पेट्रोल वीस लिटर.

मे महिन्यात पावसाळ्याआधीचं मॉक ड्रिल होतं. त्या दिवशी सकाळी जा, वही घेऊन जा. भाषणं संपेपर्यंत थांबा आणि मग तिथल्या जवानांना आदराने सांगा, "भाऊ, जरा इंजिन चालू करून दाखवता का?" कितव्या दोरीला ते सुरू झालं, ते वहीत लिहून ठेवा.